गरी मालवणची, गरी रायपूरची

मे महिन्यात रायपूरच्या चौबे कॉलनीतून कोकणात गेलेलं मराठी घर परत येतं तेव्हा सोबत आंब्याची पेटी असते, आगळाची बाटली असते आणि उन्हानं सोललेली नाकं असतात. अलीकडे त्यात एक फोटोही असतो. मालवण किंवा तारकर्लीची एखादी फायबरची होडी, अंगात नारिंगी जॅकेट आणि हातात जेमतेम वीतभर तांबोशी. मासा लहान, चेहऱ्यावरचा आनंद मात्र सुरमई पकडल्यासारखा. दोन तासांच्या त्या फेरीचे पैसे मोजताना कुणी कुरकुरत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि पुढच्या वर्षी आणखी दोन घरं तिकिटं काढतात.

होडीवर घडतं ते अगदी साधं. हातात काठी नसते, चक्री नसते. प्लास्टिकच्या तुकड्यावर गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, टोकाला शिशाचं वजन, त्याच्या जरा वर आकडा आणि आकड्याला कोळंबीचा नाहीतर माकुलाचा तुकडा. होडीवाला तंगूस पाहुण्याच्या तर्जनीवरून घेतो आणि बोट सैल ठेवायला सांगतो. वजन तळाला टेकलं की तंगूस ढिली पडते, मग हातभर वर ओढायची आणि थांबायचं. मासा आमिष चाखतो तेव्हा बोटाला बारीक ठोके जाणवतात. पहिल्या ठोक्याला हिसका दिला तर आकडा रिकामा वर येतो. शहरातली माणसं पहिल्याच ठोक्याला हिसका देतात. होडीवाला हसतो आणि नवा तुकडा लावून देतो.

या आकड्याला मालवणीत ‘गरी’ म्हणतात आणि अशी मासेमारी म्हणजे ‘गरवणं’. घाटावरच्या मराठीत त्यालाच गळ म्हणतात. गंमत अशी की छत्तीसगढीतही हा शब्द जसाच्या तसा आहे. रायपूरच्या आसपासच्या कुठल्याही गावात तळ्याच्या पारीवर बांबूची काठी घेऊन बसलेल्या पोराला काय करतोस विचारलं, तर उत्तर येतं की गरी खेळतोय. कोकणी माणूस गरवतो आणि छत्तीसगढी माणूस गरी खेळतो. मधे एवढा मुलूख पडलेला असताना शब्द तोच राहिला. हजारएक किलोमीटर प्रवास करून मालवणात गरी धरणाऱ्या चौबे कॉलनीच्या मंडळींना घरापासून चार-पाच किलोमीटरवरची गरी मात्र कधी दिसत नाही. दोष त्यांच्या एकट्यांचा नाही. शहरानं पाण्याकाठी जे काही बांधलं, त्यात गरीला जागाच ठेवलेली नाही.

रायपूरला ‘मरीन ड्राइव्ह’ आहे. सगळ्यात जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब, पण तेलीबांधा तळ्याच्या काठाला लोक याच नावानं ओळखतात. संध्याकाळी तिथं खरंच बरं वाटतं. फिरायला रुंद वाट आहे, दिवे आहेत, खाण्याच्या गाड्या आहेत आणि 2016 मध्ये उभारलेल्या 82 मीटर उंचीच्या खांबावरचा तिरंगा लांबूनही दिसतो. रात्री नऊ वाजता बायका निर्धास्त चालू शकतील अशा जागा आपल्या शहरांत किती उरल्या आहेत? तेव्हा या काठाला नावं ठेवायचं कारण नाही. खटकतं ते एवढंच की इथं तळ्याकडे फक्त बघायचं असतं. पाणी पार्श्वभूमीला असतं आणि सेल्फीत माणसाच्या खांद्यामागे चमकतं.

तसं तर रायपूर हे तळ्यांचंच गाव. छत्तीसगडात जुन्या गावाची ऐपत ‘छै आगर छै कोरी’ तळी आहेत असं म्हणून सांगतात. कोरी म्हणजे वीस, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस. तळं खणलं की त्याचं लग्न लावायचं आणि मधोमध लाकडी खांब रोवायचा अशी रीत होती. उतरायच्या पायऱ्यांना पचरी म्हणत. अंघोळीची पचरी वेगळी, गुरांचा उतार वेगळा. ढीमर आणि केवट हे मासेमार जाळं कुठून टाकणार हेही ठरलेलं असे. त्यातली कितीतरी तळी आता नुसती पत्त्यात उरली. रजबंधा तळ्याचं मैदान झालं आणि त्यावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. लेंडी तळ्याच्या जागी शास्त्री बाजार भरतो. भाजीवाली ज्या जागी पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडते, तिथं एकेकाळी पाण्याला तोटा नव्हता.

मराठी माणसांचा या तळ्यांशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता तेव्हापासून इथं मराठी वस्ती आहे आणि तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावात ती अजून दिसते. वामन बळीराम लाखे यांच्या नावाचं लाखेनगर आहे. टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा तर बूढा तालाबाच्या शेजारीच आहे. याच बूढा तालाबाचं नाव आता विवेकानंद सरोवर. 1877 मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा बंगाली मुलगा घरच्यांसोबत रायपूरला आला आणि जवळपास दोन वर्षं राहिला. तो या तळ्यात पोहायचा असं गाव सांगतं. आज तळ्याच्या मधोमध बेटावर त्याचा 37 फुटी पुतळा आहे आणि लोक पायडल बोटीनं त्याच्याभोवती चक्कर मारतात. पोहणाऱ्या मुलाचं स्मारक झालं आणि पोहणं तेवढं राहून गेलं.

चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. गणेशोत्सव, कोजागरी, नाटकं असं सगळं तिथं होतं. कॉलनीला लागून करबला तलाव आहे. मंडळात येणाऱ्या मुलांपैकी किती जण त्या तळ्यातल्या एका तरी माशाचं नाव सांगू शकतील? हा प्रश्न खोचक वाटेल, पण त्याच मुलांना तांबोशी आणि गोबरा ओळखता येतात, कारण मालवणच्या होडीवाल्यानं ते त्यांच्या हातात दिले होते. जाणकाराच्या सोबत पाण्यावर घालवलेल्या एका तासात पाटी वाचून कधी कळणार नाही ते कळतं.

पाण्याच्या जाणकाराला न विचारता काठ सजवणं नागपूरला जरा महाग पडलं आहे. फुटाळा तळं भोसल्यांच्या काळातलं. त्यात संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी बसवली, काठाला प्रेक्षकांसाठी पायऱ्यांची गॅलरी बांधली. मग हे तळं पाणथळ जागा आहे की नाही, यावर वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसानं बांधलेलं तळं नियमांतल्या व्याख्येत बसतं का, यावर वकिलांचे तास खर्ची पडले. तिथून जवळच अंबाझरी तलाव. तिथंही पाण्यालगत स्वामी विवेकानंदांचं स्मारक आहे, तेही थेट सांडव्यासमोर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडली, पाणी वस्त्यांत शिरलं आणि स्मारकानं पाण्याची वाट अडवली का, याची चर्चा उच्च न्यायालयात झाली. जागा निवडताना एखाद्या ढिवराला, म्हणजे तिथल्या मासेमाराला, विचारलं असतं तर त्यानं सांडव्याकडे बोट दाखवून एका वाक्यात उत्तर दिलं असतं. पण सुशोभीकरणाच्या बैठकीला ढिवराला बोलवत नाहीत.

उलट उदाहरण हवं तर रायपूरहून नागपूरला जाताना वाटेतच मिळतं. राजनांदगाव, देवरी मागे टाकून कोहमारा फाट्याला डावीकडे वळलं की नवेगावबांध. हा मामा तलावांचा मुलूख, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा. कोहळी समाजानं ही तळी बांधली आणि ढिवरांनी त्यांत मासे धरले. तळ्याच्या पोटात बेशरमची झुडपं माजली, बाहेरून आणलेल्या माशांचं बी सोडलं जाऊ लागलं आणि गावठी मासे कमी होत गेले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांबरोबर, त्यातही ढिवर बायकांबरोबर, याच्या उलट काम सुरू केलं. बायकांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ्याचा तळ नांगरला आणि पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते, कुठल्या पाखराला खायला लागते, हे म्हाताऱ्या ढिवरांना तोंडपाठ होतं. पुस्तकं नंतर आली. देशी मासे परतू लागले तशी जाळ्यातली कमाईही वाढली.

हे काम पर्यटनाचं नव्हतं, पण पाण्याचं ज्ञान कुणाकडे असतं आणि ते कामाला लावलं तर काय होतं, हे त्यातून दिसतं. त्याला तिकीट जोडलं की काय घडतं ते बघायचं तर पुन्हा कोकणात जावं लागेल. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनात फिरवतात. वल्ही त्यांच्याच हातात असतात. कुठलं झाड मुळांतून श्वास घेतं, खेकडा कुठं बीळ करतो, भरतीचं पाणी कुठवर चढतं, हे त्याच सांगतात. आता खाडीत कुणी कचरा टाकला तर पहिली तक्रार त्याच करतात, कारण कचऱ्यानं त्यांचा धंदा बुडतो.

मुंबईच्या पवई तलावाची गोष्टही थोडी अशीच. 1891 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं हे तळं आता पिण्याजोगं राहिलेलं नाही. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची मंडळी तिथं वर्षानुवर्षं गळ टाकत आली आहेत. हौशी माणसं, त्यांचं पोट काही माशांवर नाही. तरी सांडपाणी शिरलं, जलपर्णी वाढली की ओरड करण्यात तीच पुढे असतात. काठावरून जॉगिंग करणाऱ्याला पाणी हिरवं दिसलं तर तो त्याचाही फोटो काढतो. गळ टाकून बसलेल्याला तेच पाणी वेगळं दिसतं.

म्हणून रायपूरनं आता जो काठ सजवायचा, तो केवटांना मधे घेऊन सजवावा. जागा शोधायचीही गरज नाही. चौबे कॉलनीतून आमापारा, सुंदरनगर करत गेलं की खारूनच्या काठी महादेव घाट येतो. हटकेश्वर महादेवाचं जुनं देऊळ, अलीकडे झालेला झुलता पूल आणि घाटाला लागलेल्या केवटांच्या होड्या. गाद्या टाकलेल्या, झालर लावलेल्या या होड्या माणसांना नदीत फिरवून आणतात. केवट काठापासून जरा दूर नेतो, वळवतो आणि परत आणतो. त्याला विचारलं तरच तो बोलतो आणि लोक सहसा विचारत नाहीत. डोह कुठं आहे, पढ़िन मासा कुठं दबा धरून असतो, पावसाआधी मासा कुठल्या अंगाला सरकतो, हे सगळं डोक्यात ठेवून तो नुसती फेरी मारतो. हाच माणूस मालवणात असता तर पाहुण्याच्या हातात गरी देऊन चारपट पैसे घेतले असते.

दुसरी जागा गंगरेल. धमतरीजवळ महानदीवरचं हे धरण रायपूरकरांचं रविवारचं ठिकाण. 14 दरवाज्यांमधून पाणी सुटतं तेव्हा बघायला झुंबड उडते. एरवी काठावर स्पीडबोटी आणि जेट स्की. जाहिरातीत त्याला ‘मिनी गोवा’ म्हणतात. एका शहरात मरीन ड्राइव्ह आणि दीड-दोन तासांवर गोवा! छत्तीसगडच्या पाण्याला स्वतःच्या नावानं मिरवायला कुणी बंदी केली आहे का? या जलाशयाखाली गावं गेली. बुडालेल्या गावातली अंगारमोती देवी उचलून काठावर आणावी लागली. ज्यांची शेतं तळाशी आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांनी पुढे जाळं हाती घेतलं. त्यांच्या होडीत बसून पहाटे जाळं उचलताना बघणं, स्वतः तासभर गरी खेळणं आणि त्यांच्याच चुलीवरची मछरी-भात खाणं, हे जेट स्कीपेक्षा कमी थरारक नाही. गोंगाट मात्र पुष्कळ कमी.

मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी 1996 पासून दहा वर्षं स्वतःच्या संघामार्फत जलाशयातली मासेमारी चालवून दाखवली होती. हिशेब ठेवणं, विक्री करणं, बंदीचे दिवस पाळणं हे सगळं ते करत होते. पुढे मुदत वाढवून मिळाली नाही. म्हणजे विस्थापितांना जमत नाही, ही सबब खरी नाही.

आता होडी म्हटली की भीती आलीच आणि ती खोटी म्हणता येणार नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तळ्यावर शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तेही सजवलेलं, ठेकेदाराच्या हाती दिलेलं तळं होतं. होडीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्याआधी मे 2023 मध्ये केरळात तानूरला 22 जण बुडाले. ती तर मासेमारीची होडी फेरफार करून पर्यटनासाठी वापरलेली. तारकर्लीलाही मे 2022 मध्ये पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हा केवटाला होडी चालवता येते म्हणून त्याला मोकळं सोडा, असं म्हणणं निव्वळ भोळेपणा होईल. होडीवर माणसांचा आकडा रंगवलेला हवा आणि तो ओलांडला तर होडी सुटताच कामा नये. जॅकेट भाड्यात धरलेलं हवं, मागितल्यावर मिळणारं नको. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं हवीत. घाटावर नेमकी तीच नसतात. वाऱ्याचा रंग बदलला की फेरी बंद, असं म्हणायचा हक्क केवटाला हवा. हरणीत ठेकेदार होता, पण पाण्याला ‘आज नको’ म्हणणारा माणूस नव्हता.

शहरातल्या तळ्यांत गरी खेळू द्या, असा हट्ट कुणी धरू नये. जिथं नाल्याचं पाणी मिसळतं तिथला मासा ताटात वाढण्याजोगा नसतो आणि बूढा तालाबात माशांना लाह्या टाकून पुण्य जोडणाऱ्या आजींच्या शेजारी गळ टाकून बसणं शिष्टाचाराला धरून नाही. पण तिथंही केवटाची वल्ह्याची होडी चालू शकते. पायडल मारून धापा टाकण्यापेक्षा जाणत्या माणसाशी गप्पा मारत जाणं बरं.

सरकारी चौकट अगदीच नाही असंही नाही. 2021 मध्ये छत्तीसगडनं मासेपालनाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्यासारखं कर्ज आणि पाणी मिळायची वाट त्यानं मोकळी झाली. पण तो निर्णय तळ्यात बीज सोडून मासा वाढवणाऱ्यासाठी. नदीत होडी घालणारा केवट त्यात कुठं बसतो? पर्यटन खात्याच्या कागदावर तो होडीवाला, मत्स्य खात्याच्या कागदावर मच्छीमार आणि महापालिकेच्या लेखी घाटावर गर्दी करणारा. आठवड्यातले पाच दिवस जाळं आणि शनिवार-रविवार पाहुणे, अशी दोन्ही कामं एकाच परवान्यात बसवायला फार मोठी अक्कल लागणार नाही. कोकणात लोकांनी ते परवान्याची वाट न बघता सुरू केलं, म्हणूनच तिथं अपघातानंतर नियम शोधावे लागले. रायपूरला नियम आधी करायची संधी आहे.

वेळापत्रकही निसर्गानं जवळजवळ ठरवून दिलं आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. छत्तीसगडच्या नद्यांत 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद ऋतू. मासा अंडी घालतो त्या दिवसांत इथं गरी नको आणि जाळंही नको. बंदी उठली तरी भाद्रपदात खारूनचं पाणी गढूळ असतं, ओढही असते. दिवाळीपर्यंत ते निवळतं. आणि मग कार्तिक पुन्नीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, महादेव घाटावर मेळा भरतो. अख्खं रायपूर पहाटे अंघोळीला उतरतं, दिवे सोडतं आणि केवटांच्या होड्यांना दिवसभर उसंत नसते. नव्या फेरीची पहिली पावती फाडायला याहून सोयीचा दिवस नाही. तोवर जॅकेटं शिवून होतील आणि आकडे रंगवून होतील. महाराष्ट्र मंडळाच्या मुलांची सहल तेवढी मालवणऐवजी एकदा आमापाऱ्याच्या बाजूला वळवायला हवी.